एका जनुकाचा फलटणपर्यंतचा प्रवास

दिवाळीच्या सुमाराला सातारा आणि पुणे जिल्ह्यांच्या रस्त्यांवरून पश्चिमेकडे निघालेले मेंढ्यांचे कळप आपण सर्वांनीच पाहिले आहेत. मेंढ्यांमागे घोडी, घोडीवर सगळा संसार, मेंढ्या कोंडायचे जाळे म्हणजे वाघूर, पाय बांधलेल्या कोंबड्या आणि अजून चालता न येणारी दोन-चार कोकरे. घाट उतरून हे वाडे कोकणात जातात, भात निघालेल्या खाचरांत मेंढ्या बसवतात, त्या खताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घेतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत फिरतात. एसटीत खोळंबलेल्या माणसाला कळप फार मोठा वाटतो. धनगराचा हिशेब मात्र वेगळा असतो. शंभर मेंढ्या व्याल्या, तर त्याला मिळणारी कोकरे शंभर आणि वर फार तर दोन-चार. दख्खनी मेंढी एका वेताला एकच कोकरू देते, जुळे क्वचित. त्यांतली काही दगावतात, काही लांडगा नेतो, माद्या कळपासाठी राखाव्या लागतात. विकायला उरतात ते थोडे नर. वर्षाचा घरखर्च त्यांच्यावर.

‘एका वेताला एक’ हा आकडा बदलता येईल का, या प्रश्नावर फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत गेली तीसहून अधिक वर्षे काम झाले आहे. जैवतंत्रज्ञान म्हटले की आपल्याकडे लगेच बीटी कापूस आठवतो. त्याला २००२ साली परवानगी मिळाली आणि तेव्हापासून बाजूने व विरुद्ध एवढे बोलले गेले, की शेतीतले जैवतंत्रज्ञान म्हणजे परक्या जीवाचे जनुक पिकात घालणे अशीच समजूत झाली. मेंढीच्या या गोष्टीत प्रयोगशाळेत कोणतेही जनुक कशातही घातलेले नाही. जनुक मेंढ्याकडून मेंढीत गेले ते हजारो वर्षे जाते तसेच. प्रयोगशाळेने फक्त ते कुठे आहे हे वाचले. या वाचण्याला एवढे महत्त्व का, हे समजायला थोडे मागे जावे लागेल.

फलटण सातारा जिल्ह्यात येते. याच जिल्ह्यात महाबळेश्वर आहे आणि तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. फलटणला त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. नीरेच्या कालव्याखालचा पट्टा सोडला, की पुढे माण, खटाव आणि सांगली जिल्ह्यातले आटपाडी, कवठे महांकाळ, जत ही सगळी पर्जन्यछायेतली माळराने. पिकाचा भरवसा नाही म्हणून माणसांनी जनावरांचा आधार घेतला. आटपाडी-खरसुंडीकडे खिलार बैल, बाकी सगळीकडे शेळ्या-मेंढ्या.

या मुलखात बनबिहारी विष्णू निंबकर अमेरिकेत शेतीचे शिक्षण घेऊन आले आणि १९६८ साली त्यांनी ही संस्था काढली. सुरुवातीचे काम पिकांवरचे होते: कापूस, करडई, पुढे गोड ज्वारी. त्यांच्या पत्नी जाई निंबकर या लेखिका, इरावती कर्व्यांच्या कन्या. निंबकर २०२१ साली वारले. शेळ्या-मेंढ्यांवरच्या संशोधनाची धुरा त्यांच्या कन्या डॉ. चंदा निंबकर यांनी उचलली आणि या लेखातले बरेचसे काम त्यांच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या नावावर आहे.

मेंढी सुधारण्याचा विचार त्यांच्याआधीही झाला होता, पण तो लोकरीच्या अंगाने. स्वातंत्र्यानंतर सरकारी पातळीवर मेरिनो, राम्बुये अशा परदेशी जातींशी संकर करण्याचे कार्यक्रम देशभर झाले. हेतू असा, की आपल्या मेंढीची जाडीभरडी लोकर मऊ व्हावी. ही मेंढी दिवसाला कित्येक किलोमीटर चालते, काट्याकुट्यात चरते, पावसात भिजते. थंड हवेच्या कुरणातल्या जातीचे रक्त तिच्यात भरले की तिची ही ताकदच कमी होते, हा अनुभव ठिकठिकाणी आला. शिवाय दख्खनी लोकर जाते घोंगडीला. घोंगडीचा खप उतरत गेला आणि कातरणीची मजुरीही लोकरीच्या पैशातून सुटेना. धनगराचे उत्पन्न मुख्यतः मटणातून येत होते आणि सुधारणा चालली होती लोकरीची! दुखणे एकीकडे आणि औषध दुसरीकडे, अशातला हा प्रकार.

मटणातून उत्पन्न वाढवायचे तर दोन मार्ग दिसतात. एक, कोकरू जास्त वजनाचे व्हावे. दुसरा, कोकरे जास्त व्हावीत. निंबकर संस्थेने दुसरा मार्ग धरला आणि त्यासाठी जी मेंढी हुडकली ती पाहून कोणालाही हसू आले असते. बंगालच्या सुंदरबनातली ही गारोळ मेंढी पूर्ण वाढ झाल्यावरही जेमतेम दहा ते पंधरा किलो भरते. दख्खनी मेंढीच्या निम्मी! दलदलीच्या प्रदेशात ती गुडघाभर पाण्यात उभी राहून चरते. तिथली कुटुंबे अशा दोन-चार मेंढ्या घराशेजारी पाळतात. या ठेंगणीचा एकच गुण लाखमोलाचा, तो म्हणजे ती बहुतेक वेताला जुळी देते, कधी तिळीही. संस्थेतल्या संशोधकांनी १९९३ साली जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या नियतकालिकात तिची ‘बंगालची सूक्ष्म मेंढी’ अशी ओळख करून दिली. तोवर भारतातल्या भारतातसुद्धा तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष नव्हते.

याच मेंढीच्या वंशातला गुण मात्र हजारो मैलांवर आधीच प्रसिद्ध झालेला होता. तो कसा, हा या गोष्टीतला सर्वांत मजेदार भाग.

ऑस्ट्रेलियात इंग्रजांची पहिली वसाहत १७८८ साली सिडनीजवळ वसली. माणसांना खायला मांस हवे, आणि जवळचे मोठे बंदर म्हणजे कलकत्ता. १७९२ आणि १७९३ साली कलकत्त्याहून निघालेल्या जहाजांतून बंगाली मेंढ्या तिथे उतरवल्या गेल्या. मेरिनो मेंढ्या त्यानंतर चार-पाच वर्षांनी आल्या. लोकरीचे पैसे मिळू लागल्यावर बंगाली मेंढ्यांना कोणी विचारीना; त्या संकरात विरघळून गेल्या. पुढे दीडशे वर्षे हा विषय संपल्यासारखाच होता.

न्यू साउथ वेल्समध्ये कूमा गावाजवळ बुरूला नावाचे एक मेंढीपालन केंद्र होते. तिथल्या सीअर्स बंधूंना आपल्या मेरिनो कळपात काही मेंढ्या दर वेताला तीन-चार कोकरे देतात असे दिसले. त्यांनी अशी जनावरे निवडून वेगळा कळप राखला. सरकारी संशोधक त्यांच्याकडे येण्याच्या कितीतरी आधी, स्वतःच्या उत्सुकतेपोटी आणि बारकाईने पाहून हे काम झाले होते. १९५८ साली त्यांनी एका वेताला झालेल्या पाच कोकरांपैकी एक मेंढा तिथल्या राष्ट्रीय संशोधन संघटनेला भेट दिला. तो ज्यांच्या हाती आला त्या हेलन न्यूटन टर्नर. शिक्षणाने वास्तुशास्त्रज्ञ, संख्याशास्त्र शिकलेल्या, आणि पुढे मेंढ्यांच्या आनुवंशिकीत जगन्मान्य झालेल्या. जुनी कागदपत्रे चाळून १९८२ साली त्यांनी बुरूला मेंढ्यांचा मूळ शोध लिहिला आणि हा गुण बंगाली मेंढ्यांकडून आला असावा असे म्हटले.

तोपर्यंत असे मानत, की जास्त पिले होणे हा गुण शेकडो लहान लहान जनुकांच्या एकत्र परिणामाने ठरतो, म्हणजे माणसाच्या उंचीसारखा. परंतु १९८० च्या सुमारास ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी बुरूला मेंढ्यांच्या संततीची आकडेवारी मांडली, तेव्हा निराळेच चित्र दिसले. मुलींचे सरळ दोन गट पडत होते, मेंडेलच्या वाटाण्यांसारखे. म्हणजे गुण एकाच जनुकाचा! त्याला ‘फेक-बी’ हे नाव मिळाले. या जनुकाची एक प्रत असली तर बुरूला मेंढीत एका माजाला सुमारे दीड बीजांड जास्त सुटते, दोन प्रती असल्या तर सुमारे तीन.

२००१ साली तीन गटांनी स्वतंत्रपणे या जनुकातला नेमका बदल शोधून काढला. मेंढीला गुणसूत्रांच्या २७ जोड्या असतात. त्यांतल्या सहाव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात एका जागी अ‍ॅडेनीनऐवजी ग्वानीन आले आहे. एवढेच. या अक्षरबदलामुळे त्या जनुकावरून बनणाऱ्या प्रथिनात २४९ व्या जागी ग्लुटामीनऐवजी आर्जिनीन हे अमिनो आम्ल बसते. हे प्रथिन अंडाशयातल्या पेशींवर बाहेरचा संदेश घेण्याचे काम करते. बदललेले प्रथिन तो संदेश नीट पोचवत नाही. परिणामी बीजांडाभोवतीचे पुटक लहान असतानाच पक्व होते. एकच मोठे पुटक तयार होण्याऐवजी तीन-चार लहान पुटके तयार होतात, आणि गंमत म्हणजे त्या सर्वांतल्या पेशींची बेरीज साधारण एका मोठ्या पुटकाएवढीच भरते. २००२ साली निरनिराळ्या देशांतल्या जाती तपासल्या गेल्या, तेव्हा हाच बदल गारोळ मेंढीत सापडला. टर्नरबाईंचा तर्क खरा ठरला होता. तो पाहायला त्या नव्हत्या. १९९५ साली त्यांचे निधन झाले.

आता फलटणला परत येऊ. गारोळ मेंढ्यांशी लोणंदच्या दख्खनी मेंढ्यांचा संकर तोवर सुरू झालेला होता. यात अडचण अशी: गारोळचे आपल्याला एक जनुक हवे आहे, तिचा ठेंगणेपणा नको आहे. पहिल्या संकरात अर्धे रक्त गारोळचे येते आणि कोकरे लहान निघतात. म्हणून त्यांचा पुन्हा दख्खनीशी संकर करायचा. गारोळचा हिस्सा पाव उरतो. पुन्हा केला की एक अष्टमांश. अंग मोठे होत जाते. पण हवे ते जनुकही दर पिढीला निम्म्या कोकरांतून गळते. उरलेल्या निम्म्यांत ते आहे. मात्र ती निम्मी कोणती?

वर्गात हा प्रयोग नाण्याने करता येईल. प्रत्येक विद्यार्थी म्हणजे एक कोकरू. छापा पडला तर जनुक आले, काटा पडला तर गेले. काटावाले खाली बसतात. तीन फेऱ्यांनंतर चाळीसांच्या वर्गात पाचेक मुले उभी राहतील. आता हाच खेळ नाणे न दाखवता खेळा. कोणाला बसवायचे ते कोण सांगणार? निवड न करता तीन पिढ्या गेल्या तर जनुक आठातल्या एकातच शिल्लक असते, आणि तेही ओळखता न येता.

मेंढीची परीक्षा तिच्या वेतांवरून होऊ शकते, पण सावकाश. दोन-तीन वेते पाहावी लागतात, कारण जनुक असलेली मेंढीही कधी एकच कोकरू देते. पोटाला छोटे छिद्र पाडून दुर्बिणीने अंडाशय पाहणे आणि त्यावरचे पीतपिंड मोजणे हा दुसरा उपाय. आणि मेंढ्याचे काय? तो तर विणारच नाही. त्याला वर्षाचा होऊ द्या, त्याच्या मुली पाच महिन्यांनी जन्मणार, त्या दीड-दोन वर्षांनी विणार, मग दुसरे वेत. एका मेंढ्याचा निकाल लागायला चार वर्षे, तोवर त्याच्या भावांना खाऊ घालत ठेवायचे. आणि कळपाला जनुक पुरवणारा मुख्य प्राणी तोच.

इथे प्रयोगशाळा कामाला आली. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, ऑस्ट्रेलियातली न्यू इंग्लंड आणि मेलबर्न ही दोन विद्यापीठे आणि फलटणची संस्था यांचा संयुक्त प्रकल्प १९९८ पासून चालू झाला. पैसा मुख्यतः ऑस्ट्रेलियाच्या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन केंद्राचा. कोकराच्या रक्ताचा नमुना घ्यायचा, त्यातला डीएनए वेगळा करायचा, जनुकाचा नेमका तुकडा पीसीआर यंत्रात लाखो पटींनी वाढवायचा. हा तुकडा १९० अक्षरांचा असतो. मग त्यावर एक विकर सोडायचे. हे विकर म्हणजे ठरावीक अक्षरक्रम दिसला तरच कापणारी कात्री. बदल झालेला असेल तर ती १९० चे १६० आणि ३० असे दोन तुकडे करते. नसेल तर तुकडा अखंड राहतो. जेलवर पट्टे पाहिले की उत्तर मिळते. वरचा एकच पट्टा असेल तर जनुक नाही, वरचा आणि खालचा दोन्ही असतील तर एक प्रत, खालचाच असेल तर दोन प्रती. चार वर्षांचा निकाल काही दिवसांत लागतो, तोही कोकरू दूध पीत असताना.

पण नुसत्या चाचणीने मेंढी तयार होत नाही. कोणते कोकरू कोणत्या मेंढीचे, कोणत्या मेंढ्यापासूनचे, जन्माचे वजन किती, दूध तुटताना किती, कशाने मेले, या नोंदी वर्षानुवर्षे ठेवाव्या लागल्या. नोंदवहीशिवाय जेलवरचे पट्टे म्हणजे नुसत्या रेघा. जुळ्यांना दूध पुरावे म्हणून पश्चिम आशियातल्या दुधाळ अवासी जातीचे, आणि अंग भरावे म्हणून कर्नाटकातल्या बन्नूर मेंढीचे रक्तही या कळपात घेतले गेले. यातून उभी राहिलेली मेंढी म्हणजे ‘नारी सुवर्णा’. गारोळच्या तपासणीत एक अनपेक्षित लाभही दिसला: पोटातला रक्तपिपासू जंत हेमाँकस याला ती दख्खनीपेक्षा चांगला विरोध करते.

यानंतर प्रश्न आला तो धनगराच्या वाड्यात. जुळी हवीत का?

शहरात बसून या प्रश्नाचे उत्तर सोपे वाटते. पण चालत्या कळपात दुसरे कोकरू म्हणजे घोडीवर आणखी एक ओझे. जुळ्यांचे प्रत्येकी वजन कमी, मरण्याचा संभव जास्त. दोघांना पाजणारी मेंढी माळावरच्या वाळक्या गवतावर खंगते आणि पुढच्या वेळी गाभण राहायला उशीर करते. धनगर जुळ्यांबद्दल साशंक असतो तो अडाणीपणामुळे नव्हे. त्याने दुष्काळ पाहिलेला असतो. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या दुष्काळविषयक ग्रंथात इथिओपिया आणि साहेल भागातल्या पशुपालकांचे काय झाले ते दाखवले आहे. दुष्काळात सगळेच जनावरे विकायला काढतात, त्यांचा भाव कोसळतो, त्याच वेळी धान्य महागते. म्हणजे पशुपालक दोन्हीकडून मरतो. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी सांगणारी माणसे माणदेशात अजून भेटतील. अन्नसुरक्षा म्हणताना आपण कोठारातले धान्य मोजतो. मेंढपाळाच्या बाबतीत एका कोकराला किती ज्वारी मिळते हे मोजावे लागते.

म्हणूनच या कामातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा निष्कर्ष हा, की दख्खनी रक्तात या जनुकाचा परिणाम बुरूलातल्यापेक्षा सौम्य दिसला. एक प्रत असलेल्या मेंढीला दर वेतामागे सरासरीने सुमारे अर्धे कोकरू जास्त होते: काही वेताला एक, काही वेताला दोन, तिळी थोडी. ऑस्ट्रेलियातल्या कुरणवाल्याला हे कमी वाटेल. मेरिनोत दोन प्रती आल्या की चार-चार कोकरे होतात आणि त्यातली बरीच मरतात. तिथे या जनुकाचा प्रसार मर्यादितच राहिला याचे ते एक कारण. इथे कमी परिणाम हाच सोयीचा होता. संस्थेने फलटण परिसरातल्या धनगरांच्या कळपांत हे जनुक असलेली जनावरे दिली आणि तिथेही नोंदी ठेवल्या. दोन प्रती असलेला मेंढा दिला तर त्याच्या प्रत्येक मुलीत नेमकी एक प्रत जाते, हा मेंडेलचा नियम इथे व्यवहारात उपयोगी पडतो. गाभणपणाच्या अखेरच्या दिवसांत आणि विल्यानंतर मेंढीला थोडा खुराक, जुळ्यांची पहिल्या काही दिवसांची काळजी, एवढे जमणाऱ्या घरांत जादा कोकरे जगली. जास्त दिवस फिरतीवर असणाऱ्या वाड्याला हे जमेलच असे नाही, आणि त्याने नाही म्हटले तर ते समजण्यासारखे आहे.

नोव्हेंबर २००८ मध्ये या जनुकावर काम करणाऱ्या निरनिराळ्या देशांतल्या लोकांची परिषद पुण्यात भरली. ती हेलन न्यूटन टर्नर यांच्या स्मृतीला वाहिलेली होती. भारतात इतरत्रही हे जनुक वापरले गेले आहे. राजस्थानात अविकानगरच्या केंद्रीय संस्थेने गारोळ, मालपुरा आणि पाटणवाडी यांच्या संकरातून ‘अविशान’ मेंढी तयार केली. ओडिशातल्या केंद्रपाडा मेंढीतही हा बदल मुळातच असल्याचे दिसून आले.

सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यात माडग्याळ नावाचे गाव आहे. तिथली मेंढी उंच, लांब पायांची आणि पोपटासारख्या बाकदार नाकाची. तिचे मेंढे इतर मेंढ्यांच्या कितीतरी पट किमतीला जातात आणि गिऱ्हाईक पहिल्यांदा नाक पाहते. अशा जातीत फेक-बी उतरवायचे म्हटले तर हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागतो. जनुक आणणाऱ्या जनावराबरोबर त्याचे सरळ नाक आणि आखूड पायही येणार. ते घालवायला तीन-चार पिढ्या माडग्याळशीच संकर करायचा, दर पिढीला प्रत्येक कोकराचे रक्त तपासायचे, आणि या सहा-आठ वर्षांत जी अधलीमधली, ना इकडची ना तिकडची कोकरे होतील ती मटणाच्या भावाने विकायची. तो तोटा कोणी सोसायचा हे आधी ठरवून मगच मेंढा कळपात सोडावा लागतो.